आधी पाणी, मग दोरी

होडीचं मशीन चालवायला मी वरळी कोळीवाड्यात शिकले, मैत्रिणीच्या वडिलांकडे. मी परळची, समुद्राशी ओळख चौपाटीपुरतीच. काकांची फायबरची छोटी होडी, मागच्या फळीला आउटबोर्ड मशीन. त्यांची अट एकच होती : "आदी पानी बग, पोरी. मंग दोरी खेच."

कोळीवाड्यात पाण्याचं गणित तिथीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत पूर्ण भरती बाराच्या सुमारास, मग रोज पाऊण-एक तास पुढे सरकत अष्टमीला ती सहाच्या आसपास येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वरळीच्या किल्ल्यालगतचे खडक उघडे पडतात. सकाळी ज्या वाटेने बाहेर पडलो, ती वाट दुपारी पाण्याखाली असेलच असं नाही.

मग मशीन. पेट्रोल भरायचं ते किनाऱ्यावरच, आसपास विडी पेटलेली नको. फळीवरचे स्क्रू हाताने आवळून बघायचे, कारण हादऱ्याने ते सैल होतात. टाकीच्या झाकणावरची हवेची चकती उघडायची, नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबायचा. लाइफ जॅकेट अंगात. लाल दोरीचं एक टोक मशीनच्या स्विचला, दुसरं मनगटाला : चालवणारा पाण्यात पडला की दोरी सुटते आणि मशीन तिथेच बंद होतं. ती नसेल तर रिकामी होडी गोल फिरत पंख्यासकट त्याच्याच अंगावर येऊ शकते. किती अनुभवी माणसं ही दोरी नुसती खिळ्याला टांगून ठेवतात! मला ते बघवत नाही.

गिअर न्यूट्रलला आहे हे हाताने चाचपायचं, नाहीतर सुरू होताक्षणी होडी उसळते आणि उभा माणूस पाण्यात जातो. चोक ओढायचा, मागे कुणी नाही ना ते बघायचं. मशीन सुरू करायची दोरी आधी सावकाश ओढायची, ती अडते तिथे थांबायचं आणि मग एकच जोराचा हिसका. मशीन धरलं की चोक आत. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे हाताला कळायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला वेग नाहीच.

सुरू झाल्यावर काका आवाज ऐकत नसत, मशीनच्या मागे बघत. तिथून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. मशीन समुद्राचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं, धार थांबली म्हणजे पाणी ओढायच्या तोंडावर काहीतरी बसलंय. मुंबईच्या पाण्यात ते बहुतेक वेळा प्लास्टिकच असतं. एकदा आमची धार अशीच थांबली. काकांनी लगेच मशीन बंद केलं, वर उचललं आणि पंख्याला गुंडाळलेली पिशवी कोयत्याने कापून काढली. तेवढ्या वेळात सुकतीच्या ओढीने होडी आडवी होऊन बरीच सरकली. मी वल्हं मारत राहिले. वल्हं आणि नांगर होडीत का लागतात, ते त्या दिवशी दिसलं.

कोस्टल रोडच्या पुलाखालून जाताना मला हेच आठवतं. इथल्या मच्छीमारांनी खांबांमध्ये २०० मीटर जागा मागितली होती. डिसेंबर २०२२ मध्ये सातव्या आणि नवव्या खांबांमधली जागा ६० ऐवजी १२० मीटर करायचं सरकारने मान्य केलं. एवढ्याशा होड्यांना एवढी जागा कशाला, असं मी परळमध्ये चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांकडून ऐकलंय. चालू मशीनच्या होडीला कमी जागा पुरेलही. पण बंद पडलेल्या मशीनची होडी पाणी नेईल तिकडे जाते, आणि तिला खांबापासून लांब राहायला जागा लागते.

विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर होड्या मूर्तीभोवती असतात आणि माणसं छातीभर पाण्यात. काका म्हणत, तिथे पाण्यात माणूस दिसला की न्यूट्रल, जवळ आला की मशीन बंद. मग वल्ह्यावरच. निर्माल्याचे दोरे आणि कापडं पंख्यात अडकतात, तेही एक कारण आहेच.

परत आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात मशीनचा खालचा भाग बुडवून ते थोडा वेळ चालवायचं, म्हणजे आतलं मीठ आणि वाळू निघून जाते. कोळीवाड्यात नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून काकू ते पिंप सकाळीच भरून ठेवत.