चिठ्ठी नको, कागद आणा

आवणी उरकल्यावर आईने गालातली जखम घोटीच्या डॉक्टरांना दाखवली. वर्षानुवर्षे मिशरी लावणारं तोंड ते. त्यांनी लगेच परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव सांगितलं. इगतपुरीहून पंचवटी एक्सप्रेसने दादर गाठलं. तपासणीत कर्करोगच निघाला. ऑपरेशन आणि रेडिएशनच्या खर्चाचा अंदाज ऐकून वडील भाताचं खाचर विकायच्या गोष्टी बोलू लागले.

हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी मदतीसाठी अर्ज करू या म्हटल्यावर मी विचारलं, "कुणाची चिठ्ठी आणू?" ओळखीशिवाय काम होत नाही, हेच आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी नको, कागद आणा." तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, एवढं जोडून अर्ज एका कुटुंबाने स्थापन केलेल्या ट्रस्टकडे गेला. मंजूर झालेली रक्कम परस्पर हॉस्पिटलमध्ये आईच्या नावावर जमा झाली. त्या ट्रस्टचं कुणी आईला पाहिलेलं नव्हतं, आणि आईला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

हे हॉस्पिटलही एका कुटुंबाच्या दानातूनच उभं राहिलं आहे. १९३१ मध्ये मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. पती सर दोराबजींनी १९३२ मध्ये आपली संपत्ती, मेहरबाईंच्या दागिन्यांसकट, ट्रस्टच्या हवाली केली. त्यात प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. त्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या मागे विश्वस्तांनी हॉस्पिटल उभारण्याचं काम पुढे नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

मन द्रवलं म्हणून दिलेले पैसे समोर दिसणाऱ्या माणसापर्यंतच पोचतात. मूळ निधी राखून त्याच्या उत्पन्नातून अनुदान देणारा ट्रस्ट, देणारा गेल्यावरही, कधी न पाहिलेल्या माणसाच्या उपयोगी पडतो. आईच्या उपचारात मला याची किंमत कळली. आमचं खाचर राहिलं, आई घरी आली.

आता आमच्या भागात कुणाकडे असं दुखणं निघालं, की मी त्यांच्या घरी जाते. जमिनीचा सौदा थांबवा, आधी उत्पन्नाचा दाखला काढा आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन बोला, असं सांगते. गरज पडली तर तहसीलपर्यंत सोबतही जाते.