आधी बेट, मग खोली

पावणेदोनशेच्या आसपास रिसॉर्ट, आणि सगळ्यांचा फोटो एकच. फिरोजी पाणी, पाण्यावर लाकडी पूल, पुलाच्या दोन्ही अंगांना शाकारलेल्या छपरांच्या खोल्या आणि जाळीच्या झोक्यात पाठमोरी बसलेली एक बाई. मालदीवला जायचं ठरल्यावर मी बरेच दिवस असे फोटो बघत बसले, पण निर्णय काही होईना. मुलं आजीकडे राहायला तयार होती, नवऱ्याची रजा मंजूर झाली होती, लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्तही होतं. अडलं होतं ते बेटापाशी.

गोवा-कोकण सोडून एवढ्या लांब कशाला, असं आईने विचारलंच. तारकर्लीचा, भोगव्याचा समुद्र देखणेपणात कुठे कमी आहे? पण आपल्याकडे वाळू सगळ्यांची असते, आणि ती तशीच राहावी. रिसॉर्ट कितीही महागडं घ्या, पाण्याच्या कडेने कोणीही चालत जाणार. कणीसवाला, पॅरासेलिंगवाला आणि सहलीची बस हे त्या किनाऱ्याचे रास्त भागीदार आहेत. मालदीवमधला हिशेबच वेगळा. सरकार निर्जन बेट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतं आणि त्या बेटावर एकच रिसॉर्ट उभं राहतं. शेजारी गाव नाही, दुसरं हॉटेल नाही, रस्ता नाही. तिथला एकांत विकत मिळतो तो या धोरणामुळे.

या धंद्याची सुरुवात तशी अलीकडची. 1972 मध्ये मालेजवळच्या विहामनाफुशी बेटावर कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. तीस खोल्या, प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, वर माडाच्या झावळ्या. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी या बेटांवर पर्यटन जमायचं नाही असा अभिप्राय दिला होता, हे तिथे अजून चवीने सांगतात. 2009 नंतर वस्तीच्या बेटांवरही गेस्टहाऊसना परवानगी मिळाली. माफुशीसारख्या बेटावर रिसॉर्टच्या काही अंश खर्चात राहता येतं, गाव बघता येतं. फक्त तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा तुकडा राखून ठेवलेला असतो. पुन्हा कधीतरी तसंही जाऊ, पण या वेळी आम्हाला माणसं नको होती.

फोटो बंद करून उपग्रहाचा नकाशा उघडला, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. वरून पाहिलं की बेट खरं बोलतं. किनाऱ्याभोवती फिकट निळ्या रंगाचा रुंद पट्टा असेल तर ते उथळ लगून. पाणी कमरेएवढं, तळाशी वाळू, फोटो अप्रतिम, पण मासे बघायचे तर बोटीने जा. गडद निळा रंग किनाऱ्याच्या अगदी जवळ येत असेल तर तिथे प्रवाळाची कड आहे, म्हणजे चष्मा लावून पायरीवरून उतरलं की झालं. तिथले लोक याला हाऊस रीफ म्हणतात. नवऱ्याला मासे बघायचे होते, मला लोळायचं होतं. दोन्ही जमेल अशी, एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला रीफ असलेली बेटं आहेत, पण थोडी. शेजारचं बेट किती लांब, कुठे बोटींचा धक्का, कुठे कामगारांच्या चाळी आणि जनरेटरचं आवार, हेही नकाशात दिसतं. जाहिरातीत ती बाजू कधी येत नाही.

मग आला प्रवासाचा शेवटचा टप्पा, आणि माझ्या मते सगळी निवड इथेच होते. मुंबईहून मालेला थेट विमान तीन तासांच्या आत पोहोचतं. खरी गंमत त्यानंतर. मालेच्या आजूबाजूच्या काफू प्रवाळद्वीपातली रिसॉर्ट स्पीडबोटीने पंधरा मिनिटांपासून तासाभरात गाठता येतात. स्वस्त पडतात, पण रात्री क्षितिजावर मालेचे दिवे दिसतात आणि डोक्यावरून विमानं जातात. बा, रा किंवा नूनू इथे जायचं तर सीप्लेन. पंधरा-सोळा माणसांची ट्विन ऑटर विमानं, चालक बहुधा अनवाणी. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी साडेतीननंतर मालेला उतरलात तर बहुतेक वेळा ती रात्र मालेतच काढायची, तीही स्वतःच्या खर्चाने. सामानही वीस किलो आणि हातातलं पाच, एवढंच. दूर दक्षिणेला, गाफू किंवा अद्दूकडे जायचं तर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. हे विमान रात्रीही मिळतं. सीप्लेनचं आकर्षण सोडलं, तर उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

पैशांचं गणित मी वहीत मांडलं. समजा खोलीचा दर पाचशे डॉलर लिहिलाय आणि त्यापुढे दोन बारीक अधिकची चिन्हं आहेत. त्या दोन चिन्हांत दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी दडलेला असतो. हा जीएसटी जुलै 2025 पासून 17 टक्के झाला. म्हणजे पाचशेचे 643 झाले. शिवाय 2025 च्या जानेवारीपासून रिसॉर्टमधला हरित कर माणशी रोज 12 डॉलर, म्हणजे दोघांचे 24. आता सीप्लेनचं जाण्यायेण्याचं भाडं माणशी पाचशे धरलं, तर दोघांचे हजार, चार रात्री राहा की चौदा. चार रात्रींवर वाटले तर रोजचे अडीचशे. फोटोखाली पाचशे लिहिलेली खोली नऊशेच्या वर जाते, आणि अजून आपण जेवलेलो नाही.

जेवणाचा विचार तर आधीच करावा. बेटावर दुसरं दुकान नसतं. पाण्याच्या बाटलीपासून सनस्क्रीनपर्यंत सगळं त्यांच्याच भावात. केवळ नाश्ता असलेला दर दिसायला कमी असतो, आणि तिसऱ्या दिवशी माणूस दुपारी भूक लागली नाही असं सांगू लागतो. आम्ही सगळी जेवणं धरून दर घेतला. मी शाकाहारी असल्याचं आधीच कळवलं होतं. मोठ्या रिसॉर्टमध्ये भारतीय आचारी बहुधा असतोच. आमचा उत्तराखंडचा निघाला आणि त्याने मला रोज विचारून डाळ केली. नवऱ्याने मात्र नाश्त्याला मासहुनी धरली ती सोडली नाही. टुना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू कालवून रोशीबरोबर खातात. रोशी म्हणजे आपली पोलीच, जरा जाडसर.

खोलीवरून घरात वाद झाला. नवऱ्याला पाण्यावरची हवी होती, सगळ्यांनाच हवी असते. माझं म्हणणं असं की एकांत हवा असेल तर वाळूवरची घ्यावी. पाण्यावरच्या खोल्या पुलावर ओळीने असतात. शेजाऱ्याचा हसण्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येतो आणि दारावरून बॅटरीच्या गाड्या जात राहतात. वाळूवरच्या खोलीभोवती झाडांचं कुंपण असतं. आमच्या दारात केवड्याच्या कुळातली झुडपं इतकी दाट होती की शेजारी कोण राहतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी तडजोड केली, आधी वाळूवर आणि मग थोडं पाण्यावर. पाण्यावर झोपण्याची मजा मी नाकारत नाही. पायऱ्यांखाली पहाटे लहान शार्क फिरताना बघणं भाग्याचं आहे. पण नवऱ्यानेच नंतर कबूल केलं की दुपारी तिथे सावली नावालाही नव्हती.

आमच्या रिसॉर्टचं घड्याळ मालेपेक्षा तासभर पुढे होतं. बरीच रिसॉर्ट असं करतात, पाहुण्यांना उजेडाची संध्याकाळ लांब मिळावी म्हणून. माले भारताच्या अर्धा तास मागे, रिसॉर्ट अर्धा तास पुढे. मुलांना फोन करताना रोज गोंधळ, आणि परतीच्या विमानाच्या वेळी तर दोन्ही घड्याळं समोर ठेवून हिशेब.

रीफबद्दल कोणी फारसं आधी सांगत नाही. 1998 मध्ये समुद्र तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, 2016 मध्ये पुन्हा, 2024 मध्ये पुन्हा. आमच्या बेटाच्या कडेला मेलेल्या फांद्यांचा ढिगारा होता, आणि मध्येच जांभळे-पिवळे जिवंत तुकडे. मासे भरपूर, कासवही दिसलं, पण जाहिरातीतली बाग नव्हती. तिथल्या सागरी जीवशास्त्रज्ञ मुलीला विचारल्यावर तिने काहीही न लपवता लोखंडी सांगाड्यांवर लावलेली प्रवाळाची रोपं दाखवली. असा माणूस नेमलेला आहे का, हे आता मी खोलीच्या क्षेत्रफळाआधी विचारते. वाळूचंही तेच. वारा फिरला की वाळू बेटाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकते. एप्रिलमध्ये काढलेल्या फोटोतला किनारा ऑगस्टमध्ये तिथेच असेल याची खात्री नाही. कुठल्या महिन्यात कोणती बाजू रुंद असते, असं पत्र लिहून विचारलं तर बरीच रिसॉर्ट प्रामाणिक उत्तर देतात. ज्यांनी उत्तराऐवजी सवलतीचं पत्रक पाठवलं, त्यांना आम्ही यादीतून काढलं.

ऋतूचं गणित आपल्या लोकांना सोपं जातं, कारण मोसमी वारे तेच. डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, आकाश स्वच्छ, दर चढे. नाताळात तर सक्तीच्या मेजवानीचे पैसे वेगळे लावतात. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा पाऊस, दर उतरलेले. मात्र तो पाऊस कोकणासारखा दिवसरात्र कोसळत नाही, येतो आणि जातो. शिवाय याच काळात बा प्रवाळद्वीपातल्या हनिफारूच्या खाडीत प्लवक गोळा होतं आणि त्यामागे मांटा रे माशांचे थवे येतात. बा प्रवाळद्वीप 2011 पासून युनेस्कोचं राखीव जीवावरण क्षेत्र आहे. त्या खाडीत टाक्या लावून बुडी मारायला बंदी आहे, फक्त वरून तरंगत पाहायचं, तेही ठरावीक वेळ. नवऱ्याच्या डोक्यात आता तेच आहे. ऑगस्टचे दर त्याने काढून ठेवलेत, हनिफारूपासून बोटीने अर्ध्या तासात असणाऱ्या बेटांची यादीही केली आहे, आणि या वेळी यादीतल्या सगळ्या खोल्या वाळूवरच्या आहेत.