हात वर

रविवारची उपासना दहाला सुरू होते, साडेअकराला संपते आणि बारापर्यंत चर्चच्या फाटकापाशी पाळकसाहेबांचे पोस्टमॉर्टेम आटोपते. यापेक्षा जास्त वेळ घेता येत नाही, कारण घरी मटण शिजत असते.

पाळकाला मार्क देण्याची आमची पद्धत सोपी आहे. उपदेश छोटा झाला, तर तयारी केलेली नाही. लांबला, तर माणसाला घड्याळ कळत नाही. घरी भेटीला आले, तर बरोबर जेवायच्या वेळेला येतात. नाही आले, तर गर्व चढला. पाळकीणबाई नवी साडी नेसल्या, तर अर्पणाच्या थैलीकडे लक्ष ठेवा. जुनी नेसल्या, तर मंडळीची लाज काढली!

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र बाहेरच राहिले. राहू देत. पाळकावर टीका करण्याच्या बाबतीत सर्व पंथांचे ऐक्य त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

मी नांदेडला सहा वर्षे आणि बँकेने लातूरला फेकल्यावर तिथे पाच वर्षे मंडळीचा पंच होतो. पंच म्हणजे देव आणि पाळक यांच्या मधे बसून दोघांचेही न ऐकणारा गृहस्थ. हंगामाच्या सणाला अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. तिथे दोनशेची कोंबडी हजाराला घेऊन छाती फुगवणारे आम्ही, पाळकाच्या पगारात शंभर रुपये वाढवायचे म्हटले की एकदम रेव्हरंड नारायण वामन टिळकांना पुढे करतो. ‘‘टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगारच सोडला! ख्रिस्ती संन्यासी झाले! आणि आजचे हे?’’ टिळकांनी पगार सोडला हे खरेच आहे. पण हे उदाहरण देणाऱ्याने लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेली नसतात, एवढे मी खात्रीने सांगतो. टिळकांच्या त्यागात घर कोणी चालवले, ते त्या पुस्तकात आहे.

मी स्वतः ते वाचले होते. तरीही सभेत मान हलवत होतो. खोटे कशाला बोलू?

मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरच्या नळांनी राम म्हटला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पेपरात फोटो आले, आमच्या घागरीत काही आले नाही. त्या रविवारी फाटकापाशी मी पाळकसाहेबांच्या उपदेशावर निकाल दिला, ‘‘अगदी कोरडा झाला बुवा!’’ लोक हसले. मला बरे वाटले.

बुधवारी दुपारी दोन वाजता दारात स्कूटर थांबली. पुढे एक कॅन, मागे एक कॅन, मधे पाळकसाहेब. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ते टँकरचे पाणी पोचवत होते. माझी आई पंच्याऐंशीची, म्हणून आमचे घर यादीत होते. माझी कंबर धरलेली, त्यामुळे कोरडा उपदेश करणाऱ्याने ओला कॅन उचलून आत नेला आणि मी नुसता ‘‘अहो, कशाला, कशाला’’ करत मागे उभा राहिलो.

आई उदगीरची. तिने त्यांच्याकडे एकवार बघितले आणि विचारले, ‘‘साहेब, जेवलाव का?’’

ते ‘‘हो’’ म्हणणार होते. मग थांबले आणि म्हणाले, ‘‘नाही, आजी.’’

तीन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना कळले, की पाणी नाही म्हणून बायकोमुलांना त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच माहेरी धाडले होते. आम्ही नऊ पंच. एकालाही पत्ता नव्हता! त्यांच्या सदऱ्याला इस्त्री नसते, हे मात्र आमच्या लक्षात आले होते. त्यावर एकदा चर्चाही झाली होती.

पुढच्या सभेत मी उठून मोशेची गोष्ट सांगितली. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचे, खाली आले की हरायचे. हात दुखायला लागले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. मोशे त्या दिवशी उपदेश कसा करत होता, हे त्यांनी विचारले नाही. तेव्हा आपणही...

खजिनदारांनी ताबडतोब हात वर केले. पण ते शिल्लक नसल्याचे.

शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर पाचशे रुपये वाढले. त्यांतले पहिले तीन महिने त्यांना मिळाले. मग नेमणुकांची यादी आली आणि त्यांची बदली झाली. निरोपाच्या सभेत त्यांना शाल दिली. मे महिन्यात त्यांना कोणी बादलीभर पाणी दिले असते तर जास्त बरे झाले असते, असे माझ्या मनात आले. पण भाषणात मी ते म्हटले नाही.

नवे पाळक आले. पहिला उपदेश एक तास दहा मिनिटे! फाटकापाशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या जिभेवर शब्द अगदी तयार होता. तेवढ्यात ते बाहेर आले आणि माझ्या तोंडून भलतेच निघाले, ‘‘साहेब, जेवलाव का?’’

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार ते आमच्याकडे असतात. मटण पुरते. अडचण एवढीच, की पोस्टमॉर्टेम करता येत नाही. ज्याचे करायचे, तोच समोर बसून रस्सा मागत असतो.