भुलेश्वर ते परळ : मुक्या सोबत्याची अखेर

मुंबई पाहावयास जाणारी मंडळी राजाबाई मनोरा, राणीचा बाग, महालक्ष्मी व चौपाटी एवढी स्थळे पाहून संतुष्ट चित्ताने घरी परततात. परंतु ज्यांच्या घरी एखादे म्हातारे कुत्रे किंवा आजारी मांजर आहे, त्यांनी याच नगरीतील आणखी दोन स्थळे अवश्य पाहावीत. पहिले भुलेश्वराचा पांजरपोळ आणि दुसरे परळचे जनावरांचे इस्पितळ. दोहोंमध्ये तीन-चार मैलांचे अंतर आहे. परंतु मुक्या जीवाच्या अखेरच्या दिवसांविषयी मनुष्याने केलेल्या विचाराचा फार मोठा पल्ला तेवढ्याच वाटेत आपण चालून जातो.

भुलेश्वराच्या गजबजलेल्या बाजारातून माधवबागेच्या बाजूने गेले म्हणजे पांजरपोळाचे आवार लागते. बाहेर हातगाड्यांचा व मोटारींचा कोलाहल, आणि आत गाईंच्या रांगा, गवताच्या पेंढ्या व शेणाचा परिचित वास. पेंढी विकत घेऊन गाईच्या मुखी घालणारे भाविक येथे दिवसभर येत असतात. या संस्थेचा जन्म मात्र गाईंमुळे नव्हे, तर कुत्र्यांमुळे झाला, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १८३२ साली सरकारी हुकुमाने शहरातील बेवारशी कुत्री मारण्याचे काम जोरात सुरू झाले. पारशी समाजात कुत्रा हा पवित्र मानलेला प्राणी. मृताच्या अंत्यविधीतही त्याला स्थान. त्या वर्षीच्या जून महिन्यात कोटात मोठा दंगा झाला, दुकाने बंद पडली व व्यवहार थांबला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन हा पांजरपोळ स्थापन केला. एक पारशी आणि एक जैन, अशा दोन धनिकांनी मिळून बेवारशी व निरुपयोगी जनावरांना आसरा दिला, ही गोष्ट मुंबईस भूषणावह होय.

पांजरपोळाचे तत्त्व सरळ आहे. जीव उपयोगी असो वा नसो, त्याचा नैसर्गिक अंत होईपर्यंत त्यास चारापाणी द्यावे. त्याचे आयुष्य आपण तोडू नये.

तेथून परळास जावे. जनावरांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधासाठी मुंबईत १८७४ साली मंडळी स्थापन झाली आणि १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने हे इस्पितळ उभे राहिले. त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव त्यास दिलेले आहे. १८८६ साली येथेच पशुवैद्यकाचे विद्यालयही सुरू झाले. विस्तीर्ण आवार, जुनी झाडे, आणि बाकांवर आपापल्या सोबत्यांना कुशीत घेऊन बसलेली माणसे. कोणाच्या मांडीवर टोपलीत मांजर, कोणाच्या पायाशी मान टाकून पडलेले कुत्रे. येथील प्रश्न पांजरपोळाहून निराळा आहे. जीव जगतो आहे, हे खरे. पण तो कसा जगतो आहे?

प्रस्तुत लेखक गेल्या माघात तेथे गेला तो हाच प्रश्न घेऊन. आमच्या पुण्याच्या घरी मोती नावाचा कुत्रा तेरा वर्षांचा झाला होता. मागचे पाय लुळे पडत चालले होते, मूत्रपिंडे थकली होती. घरात दोन पक्ष झाले. दादा म्हणत, “देवाच्या मनात येईल तेव्हा नेईल, आपण कोण ठरवणार?” वहिनी काही बोलत नसत, परंतु रात्री दोनदा उठून त्याचे अंथरूण बदलण्याचे काम त्यांच्याकडेच होते.

परळास भेटलेल्या एका वयस्क पशुवैद्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली व म्हणाले, “नुसत्या मायेने हा निर्णय होत नाही आणि नुसत्या तर्कानेही होत नाही. मोजमाप करा.” त्यांनी सांगितलेली रीत अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली आहे. वेदना, भूक, शरीरातील पाण्याचे प्रमाण, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत की नाहीत, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यावयाचे. सत्तरांपैकी पस्तिसांहून अधिक गुण पडल्यास जीवन सुसह्य समजून शुश्रूषा चालू ठेवावी. वेदनेच्या सदरात श्वासाचाही विचार करावयाचा असतो. कारण श्वासासाठी धडपडणे हे अनेक वेदनांहून दुःसह होय.

“पण एक ध्यानात ठेवा,” वैद्य म्हणाले, “घरातील प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर गुण द्यावेत.” या सूचनेचे मर्म घरी गेल्यावर उमगले. दादांच्या कागदावर शेहेचाळीस गुण आले आणि वहिनींच्या कागदावर बावीस! दोघांनीही प्रामाणिकपणे लिहिले होते. दादा संध्याकाळी कचेरीतून येत, तेव्हा मोती शेपूट हलवी. तेवढाच मोती त्यांनी पाहिलेला. उरलेल्या तेवीस तासांचा मोती वहिनींना ठाऊक होता. एकत्र कुटुंबात जो सेवा करतो तोच बहुधा कमी बोलतो, आणि या बाबतीत त्याचेच मत प्रथम विचारावयास हवे.

मग वहिनींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चांगल्या दिवसापुढे कुंकवाचे बोट उमटवावयास आरंभ केला. चांगला दिवस कशास म्हणावयाचे, हेही आधी ठरविले. मोतीच्या आवडीच्या तीन गोष्टी होत्या. भाकरीचा पापुद्रा, अंगणातील ऊन आणि मुले शाळेतून येताना दारापर्यंत जाणे. यांपैकी दोन साधल्या तर दिवस चांगला. पहिल्या आठवड्यात चार बोटे उमटली, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. त्या रविवारी दादा दिनदर्शिकेसमोर बराच वेळ उभे होते. नंतर त्यांनीच पशुवैद्यांना घरी बोलाविले.

हे पाप की पुण्य, हा प्रश्न आपल्या घरांतून उठणारच. तो १९२८ साली साबरमतीच्या आश्रमातही उठला होता. तेथील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. कूस बदलणेही त्यास असह्य होई. उपचार थकले तेव्हा गांधीजींनी आश्रमीयांशी विचारविनिमय करून डॉक्टरांकडून विषाची सुई देवविली व ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’ या पत्रांत ती गोष्ट उघडपणे लिहिली. संतापाच्या पत्रांचा त्यांच्यावर वर्षाव झाला. त्यांनी उत्तरादाखल अशा कृत्यास ज्या अटी घातल्या, त्यांचा आशय असा : रोग असाध्य असावा, सर्व संबंधितांनी आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा उपयोगी पडण्यासारखी नसावी आणि त्या जीवास आपली इच्छा सांगणे अशक्य असावे. यांतील तिसरी अट विशेष मननीय आहे. सेवेचा कंटाळा आला म्हणून नव्हे, तर सेवेचा उपयोग संपला म्हणून. आपण कोणत्या बाजूस आहोत, हे ज्याचे त्याने स्वतःस विचारावे.

येथे गृहस्थ-गृहिणींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. म्हातारपण म्हणजे रोग नव्हे. सांधेदुखी, दातांचे दुखणे यांवर औषध मिळाल्यास गुण पुष्कळ वाढतात. म्हणून आधी तपासणी, मग निर्णय. मांजर आपली वेदना लपविते. ते कोपऱ्यात बसू लागले, अंग चाटणे सोडले, वजन घटले, तर ते “शांत झाले” असे समजू नये. आपल्या घरातील गोळी आपल्या मनाने देऊ नये. माणसांस नेहमी देण्यात येणारे पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक ठरते. निसरड्या फरशीवर गोणपाट अंथरणे, पाण्याचे भांडे जवळ ठेवणे, अंगावर जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, यांनीही दिवस सुखाचे होतात.

अखेरची सुई कशी असते, हेही जाणून घ्यावे. अज्ञानाने भय वाढते. बहुधा आधी गुंगीचे औषध देतात आणि नंतर भूल आणणाऱ्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात. शुद्ध आधी हरपते, हृदय त्यानंतर काही मिनिटांत थांबते. डोळे पुष्कळदा उघडेच राहतात. त्याचे भय मानू नये. मुलांना मात्र “तो झोपी गेला” असे सांगू नये. लहान मुले शब्दशः अर्थ घेतात आणि मग स्वतः झोपावयास भितात. “तो फार आजारी होता, बरा होणार नव्हता, आता तो नाही,” एवढे सांगावे व त्यांना रडू द्यावे. आमच्या मुलांनी मोतीच्या पायाशी पारिजातकाची फुले ठेवली व दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली.

भुलेश्वराचा पांजरपोळ चुकला आणि परळचे इस्पितळ बरोबर, असा निवाडा मात्र कोणी करू नये. ज्यास कोणी नाही त्यास आसरा देणे हे पहिल्याचे काम. ज्यास घर आहे त्याच्या वेदनेचा हिशेब ठेवणे हे दुसऱ्याचे. घरच्या सोबत्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आपल्याच पदरी येतात. आसरा तर आपण वर्षानुवर्षे दिलेलाच असतो. हिशेबाची वेळ आली म्हणजे कागद-पेन्सिल घ्यावी, आणि पहिला कागद रात्री उठणाऱ्याच्या हाती द्यावा.