मोरोपंतांची मुलगी

मनूच्या गोष्टीत सगळ्यांना मनू दिसते. घोडा, तलवार, पुढे झाशी. मला हल्ली मोरोपंत तांबे दिसतात. बायको गेलेली, पोर जेमतेम चार वर्षांची, नोकरी बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी. पोरगी पहिल्यांदा घोड्यावर बसली तेव्हा या माणसाच्या पोटात केवढा गोळा आला असेल! कॅलेंडरवरच्या चित्रात तो कुठेच नसतो.

माझी केस थोडी तशीच. बायको कॅन्सरनं गेली तेव्हा लेक सात वर्षांची होती. पुण्यातली कॉपीरायटरची नोकरी सोडून मी बाळापूरला आईकडे आलो. सदरं लिहितो, भाषांतरं करतो. मन आणि म्हैस नद्यांच्या मधल्या किल्ल्याच्या सावलीतही डेडलाइन गाठता येते. (चुकवताही येते.) लेक नुसती शिंकली तरी मी डॉक्टरकडे धावायचो.

आता ती तेराची आहे. दर शनिवारी आजीबरोबर एसटीनं अकोल्याला आत्याकडे जायची, गणिताला. गणित सुधारेना, दंड मात्र भरले. एकदा डोळ्याखाली काळंनिळं. 'कपाटाचं दार लागलं, बाबा.' मग धुण्यात लांबच लांब पट्ट्या सापडल्या, हाताला गुंडाळायच्या.

'बॉक्सिंग शिकते ते. वर्ष झालं,' आई शेंगा फोडत म्हणाली.

'अन् मले काहून नाही सांगतलं?'

'तुले सांगतलं असतं तं आधी रडला असता, मंग पेपरात लिवलं असतं.'

आमची आई एडिटर म्हणून कुठेही खपली असती.

तसं वऱ्हाडाला हे वेड नवीन नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलं होतं. पण ती लोकांची मुलं. ही माझी.

रात्री लेकीला विचारलं, 'मार लागत नाही का गं?'

'लागतो. पण कुठून येणार ते दिसतं. हॉस्पिटलात तसं दिसायचं नाही.'

यावर मला काही सुचलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, 'तिथे मला कुणी बिचारी म्हणत नाही, बाबा.' म्हणजे असं बघा, गल्लीतल्या प्रत्येक काकूंनी तिच्या हातावर चकली ठेवताना तो शब्दही ठेवलाय. रिंगमध्ये तिला आई नाही हे कुणालाच माहीत नाही. तिथे ती फक्त निळ्या कोपऱ्यातली मुलगी.

१८५८ साली मोरोपंतांना इंग्रजांनी फाशी दिलं. पोरीच्या लढाईपासून तो बाप काही लांब राहिला नाही. मला एवढं कुणी मागत नाही, फक्त संमतिपत्रावर सही हवी होती. गेल्या वर्षी ती आजीनं ठोकली होती, यंदा मी केली. लेकीनं जिल्हा स्पर्धेत नाव दिलंय, गुपित फुटणारच. म्हणून हे लिहायची परवानगी मिळाली, नाव न टाकण्याच्या अटीवर.

शनिवारी आता आम्ही तिघं एसटीत असतो. आई हॉलमध्ये पुढच्या खुर्चीत बसते. मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडतो. आत घंटा वाजते, आणि पुढची तीन मिनिटं एक ओळ टाइप होत नाही.