सात दिवसांची नानकटाई



मार्गशीर्ष लागला की आमच्या सांगलीची हवा ओळखू येते. कारखाने सुरू झालेले असतात, उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्याने खडखडत जातात आणि सकाळी अंगणात उसाची दोन-चार वाढी पडलेली सापडतात. परसातल्या शेवग्यावर चिमण्यांचा कालवा चालू असतो. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन आत येते ते थेट ओट्यापर्यंत. याच दिवसांत मी वर्षाचे गहू उन्हात घालते, डबे घासून पालथे ठेवते आणि प्रवासाचे पदार्थ करायचे असतील तर तेही याच दिवसांत करते. कारण थंडीत पिठाला 7 दिवस मिळतात.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण सुनांसाठी आणि नातींसाठी लिहिते. आपल्याकडे पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3. दमट हवेत पिठात जीव लवकर पडतात, म्हणून पावसाळ्यात सगळ्यात कमी. पाणी घालून केलेल्या पदार्थाला एवढे दिवस मिळत नाहीत, तो लवकर संपवावा लागतो. पाण्याचा थेंबही न लावता नुसत्या तुपावर केलेला पदार्थ मात्र पिठाच्या मर्यादेपर्यंत चालतो. आणि ही मर्यादा मोजायची ती दळणाच्या दिवसापासून, भाजल्याच्या दिवसापासून नाही. भट्टीत घातले म्हणून जुने पीठ नवे होत नाही. मी बी. कॉम. झालेली बाई, मला हा हिशेब फार आवडतो. पाकिटावर छापलेल्या तारखेपेक्षा आपल्या आज्या-पणज्यांचा हिशेब जास्त काटेकोर होता.

यंदा हा हिशेब मी नेहमीपेक्षा जास्त जपून केला. येत्या शुक्रवारी आम्ही सासूबाईंना घेऊन सम्मेद शिखरजीला निघतो आहोत.

सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. सासरे असताना दोघांनी मिळून जायचे ठरले होते, पण त्यांचे आजारपण आले आणि ते राहून गेले. ते गेल्यानंतरच्या चातुर्मासात सासूबाईंनी माताजींकडून नियम घेतला, शिखरजीची वंदना घडेपर्यंत साखर आणि गूळ बंद. त्याला आता 11 वर्षे झाली. उसाच्या मुलखात राहून 11 वर्षे! संक्रांतीला त्या सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवतात आणि स्वतः नुसते तीळ खातात. कधी कुरकुर नाही, कधी बोलून दाखवणे नाही.

मधे दोनदा जायचे ठरले आणि रद्द झाले. या वर्षी आमचे हे म्हणाले, "आईला आता झेपणार नाही." मुलाचेही तेच म्हणणे पडले. डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. डोंगर डोलीतूनच चढायचा आणि उपाशी राहायचे नाही, गोळ्या पोटात काही असल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. सासूबाई बाहेरचे काही खात नाहीत, सूर्यास्तानंतर तर पाण्याशिवाय काहीच नाही. दोन रात्रींचा रेल्वेप्रवास. तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला, की या खाणार काय? मी म्हटले, तो भाग माझा. तुम्ही तिकिटे काढा.

दशम्या, पुऱ्या पहिल्या दिवसापुरत्या. त्यानंतर दात नसलेल्या माणसाला चालेल, साखर-गूळ नसेल, पाणी लागलेले नसेल आणि 7 दिवस टिकेल असे काय, याचा विचार करताना नानकटाई आठवली. साखरेऐवजी खारीक घालायची. सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "माझा नियम साखर-गुळाचा आहे, खारकेचा नाही. कर तू."

गेल्या आठवड्यात एक घाणा करून पाहिला. प्रमाण असे: बारीक चाळलेली कणीक 2 वाट्या, घरी दळलेले बेसन अर्धी वाटी, खारीक पूड 1 वाटी, साजूक तूप पाऊण वाटी, वेलदोडा. खारका फोडून, आतून नीट पाहून, बिया काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवायच्या, मग मिक्सरमधून काढून चाळायच्या. तूप हाताने पांढरे होईपर्यंत फेसायचे, त्यात बाकी सगळे घालून गोळा करायचा. कोरडे वाटले तर चमचाभर तूप वाढवा, दूध नको. दूध घातले की मर्यादेचा सगळा हिशेब बदलतो. बिनअंड्याच्या पुष्कळ कृतींमध्ये दही सांगतात. बेसन असेल तिथे दही म्हणजे द्विदल, तेही आपल्याला नको.

खारकेची पूड साखरेसारखी वितळत नाही, त्यामुळे नानकटाई आपोआप पसरत नाही. ती हाताने चपटी करावी लागते. खारीक करपतेही लवकर, म्हणून 160 अंशांवर 20 मिनिटे पुरतात. ओव्हन लावण्याआधी आत हात फिरवून, उजेडात पाहून घ्या. थंडीत मुंग्या उबेला आणि तुपाच्या वासाला येतात. मी कोरड्या मऊ फडक्याने हळूच बाजूला करते आणि मगच बटण लावते. भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर डब्यात वाफ धरते.

सासूबाईंनी एक तुकडा जिभेवर ठेवला. चावावा लागला नाही. "विरघळतेय गं," एवढेच म्हणाल्या.

आता हिशेब. गुरुवारी पहाटे दळण, त्याच दिवशी भाजणे. रविवारी पारसनाथ स्टेशन, तिथून मधुबन. सोमवारी विश्रांती, मंगळवारी वंदना. बुधवारी सातवा दिवस. म्हणजे वंदनेच्या पहाटेही डबा मर्यादेत आहे. परतीच्या प्रवासाला धर्मशाळेतून दुसरी सोय करू.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शिखरजी आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आहे. या दिवसांत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तिकडे तासभर आधीच अंधारते. सांगलीच्या सवयीने सहाला डबा उघडला तर उशीर झालेला असेल. म्हणून मी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत: शनिवार, साडेचार. रविवार, चार.

वंदनेची वाट 27 किलोमीटरची. 9 चढ, 9 डोंगरावरच्या टोंकांची, 9 उतार. 24 पैकी 20 तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. पहाटे अंधारातच निघावे लागते. डोलीत बसूनही तिथली थंडी आणि हेलकावे 81 वर्षांच्या हाडांना सोसावे लागणारच. ह्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. मलाही रात्री जाग येते. पण त्यांच्या डोळ्यांतली घाई रोज पाहते आहे, आणि नाही म्हणायचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

काल त्यांची पिशवी भरताना तळाशी एक लहान पुरचुंडी लागली. सोडून पाहिली तर खडीसाखरेचे पाच-सहा खडे. मी काही विचारले नाही, पुन्हा गाठ मारून होती तिथे ठेवली.

तुमच्यापैकी कुणी वृद्ध माणसांना घेऊन शिखरजी केले असेल तर डोलीतल्या थंडीसाठी काय घ्यावे ते जरूर कळवा. गुरुवारपर्यंत कळवलेत तर पिशवीत जागा करते.

जय जिनेंद्र.