भाजी खारट झाली

मोठी माणसं आधी "नको" का म्हणतात, असा विषय या वर्षी मराठी वर्गातल्या मुलांनीच पुस्तिकेसाठी सुचवला. बाईंनी तो आम्हा पालकांकडे वळवला आणि मला म्हणाल्या, तुमच्या घरी ताजं उदाहरण आहे, तुम्हीच लिहा. म्हणून लेकीची परवानगी घेऊन लिहिते आहे. हो, या वेळी परवानगी मला घ्यावी लागली.

लेक सोळा वर्षांची. आम्ही राहतो दिमोनात, आणि तिला तीन मैत्रिणींबरोबर जायचं होतं पार उत्तरेला, किन्नेरेतच्या काठी एका संगीत महोत्सवाला. गुरुवार दुपार ते शनिवार रात्र. दोन रात्री तंबूत. "कुलाम जातायत, आई," हे तिचं मुख्य म्हणणं. कुलाम म्हणजे सगळे. सगळे म्हणजे किती हे विचारलं, तर तीन निघाले. पण सोळाव्या वर्षी तिघी म्हणजेच जग असतं, हेही खरं.

माझं "नको" तोंडातून बाहेर पडायच्या बेतात होतं. त्याची कारणं मुलांना सांगते.

पहिलं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ७ ऑक्टोबर २०२३, सिम्हात तोराची सकाळ, रेईमजवळचा नोव्हा महोत्सव. नाचायला गेलेली साडेतीनशेहून अधिक माणसं तिथे मारली गेली, कितीतरींना ओलीस धरून गाझात नेलं. आम्ही दक्षिणेतली माणसं. त्यानंतर "पोरं गाणं ऐकायला गेली आहेत" हे वाक्य आम्हाला पूर्वीसारखं ऐकूच येत नाही.

दुसरं कारण जुनं आहे, तुमच्या जन्माच्या आधीचं. जुलै १९९५ मध्ये आमच्या शेजारच्या अरादला माशिना या बँडचा निरोपाचा कार्यक्रम होता. दाराशी गर्दी रेटली गेली आणि चेंगराचेंगरीत तीन कोवळी मुलं गेली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, ठाण्याहून इथे येऊन दहा वर्षं झाली होती. तिथे ना शत्रू होता ना रॉकेट, नुसती गर्दी होती. त्यामुळे गाण्याच्या जागी माझा डोळा आधी दाराकडे जातो, मग मंचाकडे.

तिसरं कारण शब्बाथ. आम्ही फार कडक नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की सगळे टेबलाशी असतात. शिवाय शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत बस नाही. म्हणजे तिथे गेलेलं मूल मनात आलं म्हणून परत येऊ शकत नाही.

हे सगळं मी बोलत होते आणि माझी आई, म्हणजे लेकीची आजी, लसूण सोलत होती. ती म्हणाली, "आम्ही नव्हतो का गेलो?"

आजीचं जाणं म्हणजे एलियाहू हन्नाबीचा उरूस. तू बिश्वातला आपले लोक अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचे, तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा आहेत असं आपण मानतो, त्याला टापा म्हणतात. आजी सोळा वर्षांची असताना मावसबहिणींबरोबर गेली. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरायचं, पुढे एसटी. रात्री मुक्काम, मलिदा, आणि उशिरापर्यंत कीर्तन. आपल्यात मराठीतून कीर्तन १८८० पासून चालत आलं आहे, कथा योसेफाची नाहीतर मोशेची आणि चाली आपल्या महाराष्ट्राच्या. "पोरंपोरी जागायची, हसायची, कोण कोणाकडे बघतंय ते म्हाताऱ्यांना दिसायचं," आजी म्हणाली, "पण पाठवायचे."

लेक तर आजीच्या गळ्यातच पडली. मी मात्र म्हटलं, आई, त्या लाँचवर निम्मे तुझे नातेवाईक होते. तुला चक्कर आली असती तर दहा जणींनी कांदा हुंगवला असता. हिला कोण ओळखतं तिथे?

आजी म्हणाली, "मग ओळखीचं माणूस बघ."

वाद तिथे मिटला नाही, पण वळला. जायचं की नाही हे सोडून, अडचण आली तर कोण पोहोचेल यावर आम्ही बोलू लागलो. माझा भाऊ आफुलाला राहतो, तिथून किन्नेरेत पाऊण तासाच्या आत. त्याला विचारलं. तो किप्पा घालणारा, शब्बाथला गाडीला हात न लावणारा. पण युद्धापासून त्याचाही फोन शब्बाथला चालू असतो, उशाशी. तो इतकंच म्हणाला, "नंबर दे पोरीला."

मग लेकीनं आणि मी मिळून काही गोष्टी ठरवल्या. दाराशी आणि मंचापुढे रेटारेटीत शिरायचं नाही. चौघींनी एकमेकींना सोडायचं नाही. पोहोचल्यावर आधी आसऱ्याची जागा आणि प्रथमोपचाराचा तंबू पाहून ठेवायचा. दारूबद्दल मी लांबलचक भाषण केलं, ते इथे देत नाही. तिनेही ते पूर्ण ऐकलं नसावं. आणि एक गोष्ट तिनं स्वतः सुचवली. मैत्रिणींसमोर "मला घेऊन जा" म्हणायला लाज वाटते, म्हणून खूण ठरवू, आणि ती मराठीत. तिघींनाही मराठी येत नाही. वाक्य तिनंच निवडलं: "भाजी खारट झाली." ते आलं की मी एकही प्रश्न विचारायचा नाही, फक्त माणूस पाठवायचा. प्रश्न घरी आल्यावर, तेही दुसऱ्या दिवशी. ही अट मला जड गेली, पण मान्य केली.

गुरुवारी पाठीवर बॅग टाकून निघताना ती दारात "येते" म्हणाली. "जाते" नाही. वर्गात बाईंनी शिकवलं होतं.

शुक्रवारी रात्री किद्दुश झाला, जेवणं झाली. पावणेबाराला फोन वाजला. लेकीचा आवाज शांत, जरा जास्तच शांत. "आई, भाजी खारट झाली."

तोंडावर दहा प्रश्न आले. मी म्हटलं, "बरं," आणि भावाला फोन लावला.

झालं होतं ते असं. मैत्रिणींपैकी एकीनं कोणीतरी दिलेलं काहीतरी प्यायलं, वर दिवसभराचं ऊन. ती कोसळली. या तिघींनी तिला उचलून प्रथमोपचाराच्या तंबूत नेलं. तिथल्यांनी नीट पाहिलं, ती शुद्धीवर आली, पण तिला ताब्यात घ्यायला मोठं माणूस हवं होतं. तिच्या आईवडिलांचे फोन शब्बाथमुळे बंद. आणि दोन मोठी मुलं "आम्ही तिबेरियाला सोडतो" म्हणून मागे लागली होती. चांगलीही असतील बिचारी. लेकीनं त्यांना सांगितलं, माझा मामा निघालाय.

मामा खरंच निघाला होता. शब्बाथच्या रात्री, किप्पा घालून, गाडी चालवत. जीव वाचवायला शब्बाथ मोडावा हे आपण लहानपणापासून ऐकतो, पिकुआख नेफेश. पण मुलीला तोवर शुद्ध आली होती, मग हे त्यात बसतं का? मी नंतर भीतभीत विचारलं. तो म्हणाला, "सोळा वर्षांची पोर रात्री अनोळखी गाडीत बसणार होती. मी काय राब्बीला उठवून विचारत बसू?" चौघींना त्यानं घरी नेलं, वहिनीनं लिंबूसरबत दिलं, गाद्या घातल्या. शब्बाथबद्दल त्यानं पोरींसमोर चकार शब्द काढला नाही.

काही मंडळी मला म्हणाली, बघ, म्हणून पाठवू नये. मला तसं वाटत नाही. ती दोन वर्षांनी सैन्यात जाईल, तेव्हा माझी सही कोणी मागणार नाही. रात्री पावणेबाराला डोकं ठिकाणावर ठेवून फोन करायचा, हे ती आत्ता शिकली, आणि मामा पाऊण तासावर असताना शिकली. मात्र कोणी जवळ नसतं, तर मी "नको"च म्हटलं असतं, आणि तिनं आठवडाभर अबोला धरला असता तरी चाललं असतं.

त्या मैत्रिणीची आई रविवारी आली. मूळची मोरोक्कोची, हातात मोठा केक. रडली, मग हसली, मग विचारलं की ते वाक्य काय होतं, मलाही शिकव. आजीनं तिला समोर बसवून तीनदा म्हणून घेतलं. "खारट"मधला ट काही तिला जमेना.

आजीनं मनात नवस बोलला होता, तो तिनं दोन दिवसांनी फेडला. पोहे भिजवले, गूळ-खोबरं घातलं, पाच फळं मांडली. लेकीनं मलिद्याच्या ताटाचा फोटो मामाला पाठवला, खाली मराठीत लिहिलं: "हा गोड आहे."